मानेत हाडं किती

इबादानला, मोकोला चौकात माझं बाकडं.
पहाटे साडेपाचला गाडी गठ्ठे टाकून जाते.
मी वर्तमानपत्रं पसरते, प्रत्येकावर एक दगड,
हरमट्टानच्या धुळीत दोन.

सातपासून ते जमतात.
विकत कोणी घेत नाही.
हात पाठीमागे, मान वाकडी,
मथळे वाचतात उभ्या उभ्या,
आणि मग सुरू.
आठाच्या आत दोन मंत्री घरी गेलेले असतात,
पेट्रोल स्वस्त झालेलं असतं,
नायरा पुन्हा पायावर उभा.
साडेआठला सगळे टॅक्सीत कोंबून कामावर जातात
आणि देश
आहे तसा माझ्या बाकड्यावर पडून राहतो.

राजकारण आटलं की सामान्य ज्ञान.
जगातलं सर्वात खोल सरोवर कुठलं?
उंटाच्या मदारीत पाणी असतं की चरबी?
नाईल मोठी की ॲमेझॉन, यावरून एकदा
एकाच्या सदऱ्याची बाही माझ्या हातात आली.
मी सोडवायला गेले होते.
शेजारी आकारा तळणारी फालिलात ओरडली,
नद्या काय तुमच्या बापाच्या?

नावं कोणी कोणाला विचारली नाहीत. मीही नाही.
आकडे पाठ असलेला, तो बजेट.
प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरून 'मुळातच' म्हणणारा, तो मुळातच.
कायम उलट्या बाजूचा,
बाजू बदलली तरी उलट्याच बाजूचा,
तो विरोधी पक्ष.
आणि फिकट निळ्या टोपीतला म्हातारा,
जिराफ.

कारण तो एकदा बोलून गेला होता,
जिराफाच्या मानेत हाडं सातच. आपल्याही सातच.
एवढी मान, आणि सात?
अकरा वर्षं तो सातवर ठाम,
अकरा वर्षं हे हसतायत.

निवडणुकीच्या निकालानंतर जरा जास्तच झालं.
विरोधी पक्ष म्हणाला,
ज्याला हाडं मोजता येत नाहीत त्यानं मतं मोजू नयेत.
जिराफानं टोपी सरळ केली
आणि टॅक्सी न घेता चालत गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही.
तिसऱ्याही.
सहाव्या दिवशी मथळे कोणी नीट वाचलेच नाहीत.
बजेट म्हणाला, फोन करू.
नंबर कोणाकडे?
टोलनाक्यावर, लष्करावर, कसाव्याच्या भावावर
त्याचं काय मत ते आम्हाला तोंडपाठ,
सैबेरियातल्या त्या सरोवराची खोलीसुद्धा त्यानंच सांगितलेली.
त्याचं दार कुठल्या रंगाचं, ते नाही.

निघालो. बाकडं फालिलातच्या भरवशावर.
ओके-आडोचा चढ, गंजके पत्रे, गल्लीत गल्ली.
विचारायचं तरी काय?
शेवटी विरोधी पक्षानंच विचारलं,
जमिनीकडे बघत, एका पंक्चरवाल्याला,
सात हाडं म्हणणारा कोणी राहतो का इकडे?
त्यानं वेड्यात काढलं.
पुढच्या शिंप्यानंही.
तिसऱ्या गल्लीत नळाखाली बादली धरलेल्या मुलीनं
ओला हात मानेमागे नेला,
बोटानं एकेक मणका दाबत सातपर्यंत गेली.
जिराफाची ना? आमचे आजोबा.

तानिमोला आदिगुन.
खडूनं लिहिलेलं. रंग नव्हताच दाराला.
मलेरिया उतरत होता, बनियनवर बसलेला,
टोपी मात्र डोक्यावर.
या म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही.
विरोधी पक्षाकडे बोट रोखून,
"आणि मतांचं म्हणशील, तर आधी बेरीज..."
मुळातच, मुळातच म्हणाला
आणि झालं सुरू.
मुलीनं पाणी आणलं. कोणाचं लक्ष नाही.

मी काखेतून सहा दिवसांचे सहा अंक काढले,
पलंगावर ठेवले,
सहांचे पैसे मागितले.
उशीखालून काढून दिले त्यानं. मोजून.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
नोटा पुढे करताना थांबला,
तुझं नाव काय गं?

मोसुनमोला, मी म्हणाले.

विरोधी पक्ष म्हणाला,
छे, हे नसणार.