आवक

पहिल्या आठवड्यात तक्त्यातली रेघ
चामरलेण्याच्या पायऱ्यांसारखी चढली.
गंगापूर रोडला, मिसळीच्या हॉटेलवर आमचं ऑफिस:
तीन टेबलं, एक इन्व्हर्टर,
आणि रानभूल नावाचा खेळ.
दोनशे बारा प्राणी, एकही कुणी कधी पाहिलेला नाही.
मुंज्याच्या पिंपळावरची चिमखडी,
उकडलेल्या शेंगेसारखा फोलपट्या,
काजव्याचं पोट न् मुंगसाची शेपटी असलेला लुकमुक्या.
मोबाइल धरून हिंडायचं, दिसला की जाळं टाकायचं.
जाळी विकत मिळतात. एकोणतीस रुपयांना दहा.

माझं काम आकडे.
किती आले, किती टिकले, किती जणांनी खिसा उघडला.
शंभरातले अठ्ठ्याण्णव काहीच देत नाहीत.
उरलेल्या दोघांवर आमचा पगार, भाडं, सलीलचे पेढे.
त्या दोघांना धंद्याच्या भाषेत व्हेल म्हणतात.
गोदावरीत व्हेल!
पहिल्यांदा ऐकून मी हसले होते.

वडील दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात मापाडी होते,
एकतीस वर्षं.
अजून जेवताना विचारतात,
"काय गं, आज भाव काय निघाला?"
मी सांगते, लुकमुक्या तेजीत, फोलपट्याला उठाव नाही.
ते मान डोलावतात.
माल कुठला, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

दिवाळीआधी रेघ खाली आली.
बाहेरचे खेळ आले, त्यांचे प्राणी डोळे मिचकावत,
आमचे नुसते उभे.
सलील म्हणाला, धुकेरा कमी कर.
धुकेरा म्हणजे आमचा सगळ्यात दुर्मीळ:
गंगापूर धरणाच्या काठी, पहाटे पाच ते साडेसहा,
हजार जाळ्यांत चार वेळा.
मी चाराचे दोन केले.
चहा गार व्हायच्या आत झालं.
जाळ्यांची विक्री दुप्पट नाही, पण दीडपट झाली.

त्या रात्री वडील काट्यावर अंगठा ठेवणाऱ्या
कुणा शिवरामची गोष्ट सांगत होते.
"अंगठ्याचं वजन दिसत नाही गं,
पण गोणीला कळतं."
गोष्ट जुनीच. मी भाकरी दुमडत राहिले.

"सातपूरचा मुंगूस" नावाचं एक खातं.
अकरा महिन्यांत एक लाख चौदा हजार.
दोनशे अकरा प्राणी. धुकेरा नाही.
मला वाटायचं, कुणा बिल्डरचा मुलगा असेल.
जानेवारीत खेळ बंद करतोय असं जाहीर केलं
तेव्हा त्याचा निरोप आला. पैशाबद्दल अक्षर नाही.
"दुसरी पाळी सुटली की मी झोपत नाही, धरणावर जातो.
शेवटच्या दिवशी पण येणार.
किती वाजता बंद करता तेवढं सांगा."

आदल्या रात्री दोनाचे हजार करावेत म्हणून
लॅपटॉप उघडला.
सर्व्हरला कुलूप पडलेलं.
आकडे वाचता येत होते, बदलता येत नव्हते.

पहाटे मी गेले.
काठावर सात-आठ जण, एकमेकांपासून लांब लांब,
तोंडावर मोबाइलचा उजेड.
कंपनीचं जाकीट घातलेला एक, पन्नाशीचा,
कानटोपीतून डोळे बारीक करून
बोट सरकवत होता, पुन्हा, पुन्हा.
मी कोण ते सांगितलं नाही.
त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला.
"निघतो का हो?"
"निघतो म्हणतात."
साडेसहाला पडदे पांढरे झाले, सगळ्यांचे एकदमच.
पाण्यावरून कुठलासा खरा पक्षी ओरडत गेला.
कुणी मान वर केली नाही.

घरी वडील दात घासत होते.
"काय भाव?"
"भाव नाही, दादा. बाजार उठला."
चूळ भरून त्यांनी टॉवेलला तोंड पुसलं.
"आणि आवक?"
मी स्कार्फची गाठ सोडत होते, सुटत नव्हती.
"सात-आठ," म्हणाले.