मधलं शून्य

जॉसच्या पठारावर हरमॅटन सुटला की
आधी धूळ येते, मग वीज जाते,
गल्लीतले जनरेटर खोकत उठतात.
आज मात्र वीज आहे. म्हणूनच आज,
कानेंग म्हणते. शिडी घे.

सातवं घर चोलोमबाबांचं.
कथलाच्या खाणीत कारकून होते,
अजून वाण्याची यादीही मस्टरसारखी लिहितात.
दारातच म्हणाले, एवढ्याशा डब्याला एवढे पैसे?
माझ्याकडे वायर आहे, दोन्ही टोकांना पिना.
एक टोक जनरेटरला, एक भिंतीत. झालं काम.

कानेंगनं ती वायर मागून घेतली.
मधोमध धरून गुंडाळली, पिशवीत टाकली.
तिच्या घरी खिळ्यावर अशा सात लटकतात.
आम्ही घरं सहाच केली होती.
मी विचारलं नाही.

टेस्टर आधी चालू सॉकेटला लावला.
मग मीटरखालचा कटआउट उपसून
खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं.
मग प्रत्येक तारेला टेस्टर. अंधार.
मग कुंपण ओलांडून शेजारणीच्या सॉकेटला पुन्हा,
कारण मेलेला टेस्टर
सगळ्यांनाच मेलेलं म्हणतो.

भिंत मातीच्या विटांची,
ड्रिल टेकताच पिठासारखी गळली.
ही धरणार नाही. आधी फळी,
फळीतून चार बोल्ट आरपार, पलीकडे रुंद वॉशर.
उंची? मी तिच्या डोळ्यांपाशी खूण करायला गेलो.
माझी नको. बाबांची.
रात्री एका हातात कंदील घेऊन ते येणार.

वायरी खालून घ्यायच्या.
वरून पाणी येतं, पाली येतात.
फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे:
न्यूट्रल म्हणजे निरपराध नव्हे.
हिरवी-पिवळी मात्र कधी तोडायची नाही,
ती जमिनीची आहे.
स्क्रू आवळले. आता ओढून बघ, म्हणाली.
मी ओढली.
अशी नाही. दावू ओढायचा तशी.

दावू तिचा भाऊ, लाइनमन.
तीन वर्षांपूर्वी याच गल्लीच्या तोंडाशी खांबावर होता.
लाइन बंद होती. कागदावर बंद, सबस्टेशनात बंद.
आठांतल्या कुठल्यातरी एका घरातून
वीज उलटी निघाली,
ट्रान्सफॉर्मर उलटा चढून
हजारोंची झाली.
त्या रात्री आठही जनरेटर चालू होते.
पोलीस येईपर्यंत आठही बंद.

हँडल एकवर: सरकारची.
दोनवर: तुमची.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात,
इथे म्यानच तसं घडवलंय, बाबा,
दमानं ओढा नाहीतर रागानं, दोघी भेटणार नाहीत.
आणि मधे शून्य.
तिथे थांबायचं. जनरेटरला सूर सापडू द्यायचा. मग दोन.

चोलोमबाबांनी हँडल शून्यावर आणलं
आणि हात तिथेच राहिला.
त्या रात्री, ते म्हणाले,
माझी बायको आजारी होती, पंखा
तेवढाच
पुढे काही आलं नाही.

पेन आहे का, कानेंग म्हणाली.
तुमचं अक्षर चांगलं आहे.
झाकणावर लिहा: एक कुणाची, दोन कुणाची.
त्यांनी लिहिलं, वळणदार, सावकाश.
खाली तारीख घाला.
आजची?
आजची.

परतताना धूळ इतकी की
खांबाचा वरचा भाग दिसत नव्हता.
राहिलं एकच, मी म्हणालो,
कुणाचं ते, किती वाजता जायचं?
ती चालत राहिली. पिशवीत पिना खुळखुळत होत्या.
मग आपल्याच फाटकाशी थांबली,
कडी काढली, आत गेली नाही.

उद्या सकाळी, म्हणाली.
शिडी इथेच ठेव.