थंड कपाट

नेलिदा देश जिंकली त्या रात्री
मी पहिल्यांदा अख्ख्या खाटेवर झोपले.
तोवर तिचे गुडघे माझ्या पाठीत असायचे,
आणि तिच्या बोटांना उकडलेल्या मांसाचा वास.
वरून लिंबू चोळायची. लिंबू पुरलं नाही कधीच.

मांसाच्या कारखान्यात ती डब्यांवर लेबलं चिकटवायची,
मिनिटाला एकोणीस.
हे मोंटेव्हिडिओच्या मंचावर कुणी विचारलं नाही.
टेपनं जे मोजलं तेवढंच रेडिओवरून सांगितलं,
फाटकाशी बैलांचं वजन पुकारतात त्या आवाजात.
आईनं त्याच आकड्यांचं लॉटरीचं तिकीट काढलं.
लागलं नाही.

मुकुट नाटक कंपनीचा, भाड्याचा, सकाळी परत गेला.
बक्षिसात वर्षाचा साबण, आणि एक फ्रिज,
जो चार महिन्यांनी बोटीनं नदीवरून आला,
तेव्हा आमच्या गल्लीत विजेची तार पोचायची होती.
बाबा शेजाऱ्यांना दार उघडून दाखवायचे.
आत बर्फ नाही का, कुणी विचारायचं.
येईल, म्हणायचे बाबा.
तोवर आत तिचा रेशमी पट्टा, आमच्या बाप्तिस्म्याचे दाखले,
आणि बाबांची रविवारची टोपी.

तिच्या रिकाम्या बाकावर मी बसले. मिनिटाला चौदा.
मुकादम ओलिवेरा म्हणायचा,
राणीसाहेबांच्या बहिणीनं जरा हात चालवावा.

ती साबणवाल्यांची झाली. गावोगाव फिती कापल्या:
औषधांची दुकानं, एक बँक,
एक पूल, जो पुढे अर्ध्यातच राहिला.
मग टीव्हीवर हवामान. काठीनं पाऊस दाखवायची,
तो पडणार की नाही, तिलाच कुणी सांगत नसे.
तिसाव्या वर्षी काठी दुसरीच्या हातात गेली.
मग मुलींना चालायला शिकवू लागली,
डोक्यावर शब्दकोश ठेवून, ताशी दराने.
अकरा वर्षं आम्ही बोललो नाही.
का, ते दोघींना वेगवेगळं आठवतं.

मग ते साल आलं. पहाटे ट्रक आला, आल्सिदेसला घेऊन गेला,
युनियनच्या वहीसकट, एका पायात सपाता.
नऊ गुरुवार मी छावणीच्या फाटकाशी उभी राहिले,
हातात मातेच्या पानांचं पुडकं.
दहाव्या गुरुवारी नेलिदा आली. मी बोलावलं नव्हतं.
सदतीस वर्षांची. थंडीचा कोट,
आणि कोटावरून तो पट्टा, देशाचं नाव लिहिलेला.
पहारेकरी आधी हसले.
मग का कोण जाणे, ताठ उभे राहिले.

कर्नलनं मासिकातून कापलेला फोटो पुढे केला.
माझ्या आईसाठी, म्हणाला.
तिनं सावकाश सही केली, कोपऱ्यात,
लेबल चिकटवावं तशी सरळ.
पुडकं आत गेलं.
आल्सिदेस यायला आणखी चार वर्षं लागली,
पण पानं त्याला मिळाली होती. ओली, तरी मिळाली.

मी तिचे आभार मानले नाहीत.
बसच्या थांब्यावर ती म्हणाली, बूट चावतायत.
मी माझे काढून दिले. तिला घट्ट झाले.
दोघी तशाच उभ्या राहिलो, बस येईपर्यंत,
मी मोज्यांवर.

कारखाना आता बघायला तिकीट लागतं.
भिंतीवर तिचा फोटो आहे, खाली नाव चुकीचं.
तिनं दुरुस्त करू दिलं नाही. म्हणाली,
असू दे, ती वेगळीच मुलगी होती.

फ्रिज माझ्याकडे आला. तीनदा मोटर बदलली.
पुरात बुडाला, वाळवला, गुरगुरतो अजून.
आत माझं इन्सुलिन आणि कालचं सूप.
दर रविवारी ती येते, चौऱ्याऐंशीची.
पाठ न वाकवता दार उघडते,
आणि न बोलता आतल्या बाटल्या, बरण्या,
सगळ्यांची लेबलं पुढे वळवून
एका रेषेत लावते.
मी टेबलाशी बसून घड्याळ बघते.
वेग फारसा कमी झालेला नाही.