डावी बाजू वर

वास्कोत, सड्याच्या उतारावर, मे महिन्यात
दुपारी दोनला वारासुद्धा रजा टाकतो.
तेव्हा मी जिनबेई घालतो.

निळी आखूड चड्डी. वर बंदांचा सदरा,
बाराबंदीचे आठ बंद उंदराने नेल्यासारखा.
बाही खांद्याला धड शिवलेलीच नाही,
टाक्यांमध्ये फटी ठेवल्यात, मुद्दाम.
रायू शिंपी उलटसुलट बघून म्हणाला,
"फसयलो रे तुका."

चौतीस वर्षं मी जेटीवर टॅली लिहिली.
लांब पँट, बंद बूट, नाकात लाल धूळ.
बार्जमागून बार्ज डोंगर यायचा
आणि जपानच्या जहाजात रिकामा व्हायचा.
माझं काम टन मोजायचं.
हळहळण्याचा रकाना त्या फॉर्मात नव्हता.

एका जहाजावरचा खानसामा, ओकुमुरा,
पाठीला चिकटलेला माझा शर्ट बघून
खाली गेला, आणि हे घेऊन वर आला.
मी त्याला काजूची बाटली दिली.
घालायचं कसं ते त्याने स्वतःवर दाखवलं:
डावी बाजू वर. उजवी वर घेतली तर
डोळे मिटले, हात छातीवर जुळवले,
डेकवर उभ्या उभ्या मेला.
मग खो खो हसला.

म्हणून रोज बंद बांधताना बघतो.
डावी वर.
बरं. आहोत अजून.

शेजारची क्लोतिल्द कुंपणावरून विचारते,
"ऑपरेशन जालें काय रे तुजें?"
पोदेर भोंपू वाजवायचा विसरतो.
विहीणबाई आल्या त्या दिवशी तर
सुलक्षाने मला न्हाणीत कोंडलं.

काल वीज गेली. नळही गेला.
खुर्चीतून मान वळवून बघतो तर
गाऊन कोपऱ्यात भिरकावून
सुलक्षा माझ्या जिनबेईत उभी.
उजवी बाजू वर. पोलक्याची सवय.

मी ताडकन उठलो, गाठी सोडल्या,
डावी वर घेतली, पुन्हा बांधल्या.
आतली गाठ दोनदा चुकली.
"इतकं काय? कापडच ना?"
मी म्हटलं, हो, कापडच.

मग ती बाल्कांवात जाऊन बसली,
सोप्यावर पाय वर घेऊन, पोटऱ्या उघड्या,
या घरात बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.
क्लोतिल्द आलीच.
"आतां तुजेंय जालें काय गो ऑपरेशन?"

"जालें गो," सुलक्षा म्हणाली.
"बरें दिसता."