खूर

शुक्रवार. ऊन पळसावर कललेलं.
बाबांनी मनुका भिजत घातलेल्या, सरबतासाठी;
दिवस बुडाला की शब्बाथ.
तेवढ्यात वीटभट्टीवरचा डोमाजी
गाढव ओढत आला ढोरांच्या दवाखान्यात,
मागचा पाय अधांतरी.

"उद्या आणू का, डाक्तर?"
"उद्या हात बांधलेले."
"हो, तुमचा त दर शनवारी पोया!"
बाबा हसले. "पोळाच, डोमाजी.
बैलाला सुट्टी, गाढवालाही. तसं लिहिलेलं आहे."

खिळा निघाला बोटभर.
दिव्यासाठी राखलेल्या तिळाच्या तेलातलं
निम्मं खुरात गेलं.

चौकटीवर मेझुझा असलेलं दार
अख्ख्या तालुक्यात आमचं एकच.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात,
बाबा एकटे उभे राहत पश्चिमेला तोंड करून,
जिनिंगच्या पत्र्यांमागं सूर्य उतरतो तिकडे.
तिकडे, म्हणायचे, घर आहे आपलं.
दोन हजार वर्षं झाली अर्ज देऊन,
रजा मंजूर नाही.
तोवर नेमणूक इथली.

मी विचारलं, सोडवणारा येईल
तो ओळखायचा कसा?
"गाढवावर बसून येईल म्हणतात."
मग कोपरापर्यंत हात धूत,
माझ्याकडे न बघता,
"कोणत्या, ते नाही सांगितलेलं."

दिवा त्या रात्री लवकरच गेला.
पुन्हा पेटवायचा नसतो.
अंधारात, भट्टीच्या वाटेवर
चारही पावलं वाजतात का,
आम्ही दोघं ऐकत बसलो.