हल

'हल म्हणजे नांगरच की,' म्हणायची मंजुळाआत्या,
'साठ वर्षं ओढतेय.'
हंबर नदीचं धुकं दाराशी आलं
की त्यालाही सुनवायची :
आधी पाय पूस.

हेसल रोडवरची निम्मी माणसं
पहिल्यांदा रडली ती तिच्या हातांत.
परवा चर्चमध्ये
मागच्या बाकावरून एक टकला प्लंबर उठला,
म्हणाला, पहिली चापट हिनंच मारली मला,
आणि पुन्हा रडला.

ब्याण्णव वर्षं.
त्यात एक नवरा, लवकर गेलेला.
तीन मुलं, नऊ नातवंडं,
आणि मी, भावाची पोर,
दोन महिन्यांसाठी आले ती राहिलेच.
कॉडचं कालवण, रात्रपाळीहून आल्यावर केलेलं.
नगरचा पाटा;
वरवंटा बोटीतच हरवला
म्हणून समुद्रकाठचा एक गोटा,
तोही आता झिजून लिंबाएवढा.

आज खोली आवरताना
फोनची वही मिळाली.
गेलेल्यांची नावं तिनं खोडली नव्हती.
शेजारी नुसतं एक टिंब,
तिळाएवढं.
पानंच्या पानं तीळ.

'म'पाशी थांबले.
मंजुळा नव्हतीच.
स्वतःला कोण फोन करतं?

पेन उघडलं.
नंबर पाठ होता, लिहिला.
टिंब द्यायला हात होईना.

खाली, दारातल्या पायपुसण्यावर
कुणीतरी पाय घासत होतं
बराच वेळ.

धुकं असेल.