दोन बादल्या

मे महिन्यात टिमकीतल्या आमच्या गल्लीत
दुपारी एक ते चार कुणी कुणाकडे जात नाही.
कुत्रीसुद्धा नालीत बसून असतात.
तरी चंद्रकलाबाई पराते आल्या, दोन बादल्या घेऊन.
"तुह्या कूलरची टाकी रिकामी हाय वं.
भिंतीतून आवाज येते."
पाणी ओतलं, खसच्या ताटीवरून ओला हात फिरवला
आणि गेल्या.

मी उठले नाही.
चार महिन्यांची लेक बाजूला, पंख्याकडे बघत.
तिचं नाव ठेवायचं राहिलं होतं.
बारशाचा विषय निघाला की मी न्हाणीत जाऊन बसायचे,
नळ सोडून.

सासू म्हणे, दूध कमी पडते.
नवरा म्हणे, ऊन लागलं, कांदा जवळ ठेव.
मी ठेवला. रोज एक.
खिडकीत ओळीनं सुकत गेले कांदे.

दुसऱ्या दिवशी बेबीनंदा. दोन बादल्या.
तिसऱ्या दिवशी मालू हेडाऊ,
जिच्याशी आमचं नालीवरून तीन वर्षं बोलणं नाही.
तिनंही ओतलं, माझ्याकडे न बघता.
तेव्हा मला शंका आली.

आशा वर्कर वनमालाताईंनी पाळी लावली होती,
पिठाच्या चक्कीवर, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला.
माझं नाव नाही, आजाराचं नाही.
फक्त वार, आणि वर लिहिलेलं: कूलर.

बरी आहेस का, असं एकीनंही विचारलं नाही.
त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं.

एका सोमवारी त्या परातीत भिजवलेलं पीठच घेऊन आल्या.
"वर जीव जाते गरमीनं. तुह्याकडं गार हाय."
सरगुंडे करायचे होते.
माझ्या हातात एक काडी दिली.
काडीवर पीठ वळता वळता माझ्या तोंडून निघालं,
"मले वाटते, हिले कुठं तरी ठेवून द्यावं
अन् झोपावं. उठूच नाई."

कूलर चालू होता.
चंद्रकलाबाईंची बोटं थांबली नाहीत,
तुटलेली पिठाची दोरी त्यांनी
मागावरचं सूत सांधावं तशी सांधली.

बोलली ती मालू.
"मी संजूच्या वेळेस विहिरीपर्यंत गेली होती.
तवा झाकण नव्हतं तिले."
मी विचारलं, मग?
"मग काय. दोन बादल्या भरल्या. आली घरी."
थोड्या वेळानं म्हणाली,
"कोणाले सांगतलं नव्हतं. आजच."

त्या दिवशीचे सरगुंडे वाकडे झाले सगळ्यांचे.

वनमालाताईंनी कागदावरचे प्रश्न नंतर विचारले,
सासू देवळात गेल्यावर, दार लोटून.
गुरुवारी मेडिकलच्या ओपीडीत
ओल्या दुपट्ट्याखाली लेक मालूच्या मांडीवर,
केस पेपर माझ्या.
गोळी रात्री, आधी अर्धी.
सासू म्हणाली, पागलखान्याच्या गोळ्या कायले?
बेबीनंदा म्हणाली, "तुमच्या बीपीच्या कायले, काकू?"

बरी झाले असं अजून म्हणवत नाही.
काही सकाळी दात घासणं म्हणजे
सीताबर्डीचा किल्ला चढणं.
काही सकाळी नाही.

आता श्रावण लागलाय. कूलर झाकून ठेवलाय जुन्या चादरीनं.
पाळीचा कागद कुणी काढला नाही.
त्या येतात. बादल्यांचं काय करायचं कळत नाही,
म्हणून दाराशी असलेल्या कढीपत्त्याला ओततात.
तो आधीच चिंब असतो.
सडेल बिचारा.

काल रात्री अडीचला लेक रडली.
मी उठले, घेतलं.
तिनं माझा कान धरला, तसाच धरून ठेवला.
मला काही फार वाटलं नाही. थोडं वाटलं.
पलीकडून चंद्रकलाबाईंनी भिंतीवर दोनदा वाजवलं.

एक हात मोकळा होता.
मीही वाजवलं.